ह्या पोरानं काढला

४ ऑगस्ट २०२१, रात्री

आज दुपारी वरच्या गल्लीतली म्हातारी मावशी दळणाचा डबा न्यायला आली आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

गिरणीतला पुराचा गाळ आत्ता कुठं निघतोय. पीठ भिजून गाळात असं बसलंय की फावड्याला कणकेसारखं चिकटतं, आणि तो आंबट वास, आंघोळ केली तरी नाकातून जात नाही. मी खरवडत होतो, काका उंबऱ्यावर बसून पट्टा पुसत होते. मावशी आली, पुरात उंचावर सोनतळीला नेऊन परत आणलेल्या डब्यांतला तिचा डबा काकांनी तिच्यापुढं ठेवला, झाकण उघडून दाखवलं, शाळू अगदी कोरडा. आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्या पोरानं काढला बघ, नायतर गेलाच हुता." तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली. मी फावडं धरून गप्प उभा.

मी काढला? मी तर तो डबा तिथंच ठेवा म्हणत होतो.

पाणी चढत होतं त्या गुरुवारी रात्री मी मोबाईलवर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याचे पाणीपातळीचे आकडे बघत होतो, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आमच्या चिखलीतल्या लहान पोरालाही हे पाठ असतं. काका बघत होते भिंतीवरची खूण, २०१९ ला पंचगंगा ५५ फूट ७ इंचांवर गेली तेव्हा आत किती पाणी होतं त्याची ऑइलपेंटची रेघ. मी म्हटलं आधी मोटर काढू, दहा एचपीची आहे, बोल्ट गंजलेत, आत्ता चार माणसं हाताशी आहेत. काका म्हणाले, "आधी डबं. डबं लोकांचं हायत रं." एकतीस डबे होते. मी तिथंच हिशोब मांडला, सगळं धान्य धरलं तरी मोटरीच्या निम्मे पैसे होत नाहीत, वगैरे. आणि मग त्या चार माणसांसमोर म्हणालो, काका, तुम्हाला धंदा कळत नाही.

चाळीस वर्षं गिरणी चालवणाऱ्या माणसाला.

ट्रॅक्टरच्या दोन खेपा डब्यांतच गेल्या, तिसऱ्या खेपेला रस्त्यावर पाणी आलेलं. स्टार्टर तेवढा मी खोलून आणला, मोटर बुडाली. नंतर हायवे बंद, लाईट नाही, इकडं ऑफिसचे फोन, पाठ अशी धरलेली की वाकता येत नव्हतं, आणि कुणी एकानं विचारलं नाही की बाबा तू जेवलास का. पुण्याहून धावत आलो, रजा घालवली, आणि माझं एक ऐकलं नाही, हे मी गेले दहा दिवस मनात घोळवत होतो. आप्पा असते तर, जाऊ दे.

आज त्या एका वाक्यानं ते सगळं गेलं आणि त्याजागी हे आलं. काकांना मी काय बोललो ते आठवत नसेल का? न आठवायला काय झालं, तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं मी बघितलंय. टोमणा मारणारा माणूस नाही तो. मग खरंच त्यांना असंच दिसलं का, की पोरगं आलं आणि त्यानं डबे काढले? हे जास्त लागतंय. मी निदान "नाही मावशी, काकांनी काढायला लावले" एवढं म्हणायला पाहिजे होतं.

संध्याकाळी मोटर टाकायला वायंडिंगवाल्याकडं गेलो तर दुकानाबाहेर नदीकाठच्या शेतीपंपांच्या मोटरींची ही रांग, आपला नंबर शनिवारनंतर. गाडीवर मागं बसून काका म्हणाले, तंवर गिरणीच्या दगडाला टाकी लावून घिऊ. बास, एवढंच. मग मलाही वाटलं, रागात का होईना पण डोक्यावर डबे मीच वाहिले होते, एक आपटला नाही की सांडला नाही. काका म्हणतात त्यात तेवढं खरं असेल. असू दे.

तीन डब्यांवरच्या चिठ्ठ्या पडल्यात, कुणाचे ते कळेना. उद्या सकाळी ते घेऊन गल्लीतनं फिरायचंय आणि आल्यावर दगड. काकांनी मघाशीच ओसरीत दोन हातोडे काढून ठेवल्यात, एकाचा दांडा माझ्या हाताला बसेल असा तासून.