तुम्ही विचारलंत म्हणून: अंतुल्यांना शिक्षा झाली होती का?

मी मूळची म्हसळा तालुक्यातली, लग्न होऊन पुण्यात आले त्याला आता तीसेक वर्षं झाली, पण गाव कुठलं विचारलं आणि म्हसळा सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. म्हणजे माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांचं म्हसळा ना? मग त्या सिमेंटच्या प्रकरणात त्यांना शिक्षा झाली होती ना? दुसरे काही जण अगदी तितक्याच ठामपणे म्हणतात की अहो शेवटी काहीच सिद्ध झालं नाही, उगाच बदनाम केलं माणसाला. आमच्या माहेरी तर अजून सगळे तेच म्हणतात. मी दोन्हीकडे मान डोलवून गप्प बसायचे, पण परवा माझ्या भाचीनेच विचारलं, ती लॉ करतेय, तिच्या पुस्तकात अंतुले विरुद्ध नायक अशी केस आहे आणि हे आपलेच अंतुले का असं तिला विचारायचं होतं. तेव्हा म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

आधी सरळ उत्तर. नाही, कुठल्याही फौजदारी कोर्टात त्यांना शिक्षा झाली नाही, ते दोषी ठरले नाहीत. पण त्याच्या आधी, १२ जानेवारी १९८२ला मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकालात स्पष्ट म्हटलं की सिमेंटचं वाटप आणि अंतुल्यांनी काढलेल्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा एकमेकांशी संबंध आहे, म्हणजे एका हाताने सिमेंट दिलं आणि दुसऱ्या हाताने देणगी घेतली, आणि त्याच दिवशी अंतुल्यांनी राजीनामा दिला. ही दोन्ही वाक्यं एकत्रच सांगावी लागतात, एक सांगून दुसरं गाळलं की खोटं होतं असं माझं मत आहे.

आता हे सिमेंटचं एवढं काय, असं आजच्या मुलांना वाटतं. आज दुकानात फोन केला की संध्याकाळपर्यंत पोती दारात. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, भाव सरकार ठरवणार, कोटा सरकार ठरवणार, परमिट असल्याशिवाय गोणी मिळायची नाही आणि परमिट नसेल तर काळ्या बाजारात दाम मोजायचा. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आमचं घर जांभ्याचं, वर मंगलोरी कौलं, आणि मागच्या बाजूला बाबांना एक खोली काढून तिच्यावर स्लॅब टाकायचा होता कारण आजोबांना जिना चढवत नव्हता आणि मागची पडवी पावसात गळायची. जोतं झालं, भिंती झाल्या आणि सिमेंटपाशी सगळं अडलं. बाबा अर्ज घेऊन एसटीने जायचे, त्या कार्यालयाचं नाव मी घेत नाही, कधी साहेब नाहीत, कधी कोटा आला नाही, कधी अर्जावर सही राहिली, असं चार-पाच वेळा झाल्यावर एकदा आठ गोणी मिळाल्या. आठ गोण्यांत स्लॅब होत नाही. मग त्या बाबांनी माजघरात भिंतीपासून हातभर लांब, खाली लाकडी फळ्या टाकून रचल्या, वर ताडपत्री, कारण कोकणातली हवा, दमट पडलं की सिमेंटचे दगड होतात. तो सगळा पावसाळा आम्ही त्या गोण्यांना वळसा घालून जेवायला बसलो. तेव्हा गोण्या तागाच्या असायच्या. शेवटी तीन गोण्यांचे खडे झालेच आणि बाबांनी ते हातोडीने फोडून चाळून बघितलं, काही उपयोग झाला नाही, तो चाळणीचा आवाज मला अजून आठवतो.

आणि त्याच वर्षी मुंबईत बिल्डरांना ट्रकच्या ट्रक सिमेंट मिळत होतं.

पण मी इथेच थांबले तर माझ्या माहेरच्या लोकांवर अन्याय होईल. अंतुले आंबेतचे, सावित्रीच्या काठावरचं गाव, १९२९चा जन्म. तिथला एक मुसलमान मुलगा लंडनला लिंकन्स इनमध्ये जाऊन बॅरिस्टर होतो, १९६२ला श्रीवर्धनमधून आमदार होतो, काँग्रेस फुटल्यावर सगळे मोठमोठे लोक इंदिरा गांधींना सोडून जात असताना हा माणूस त्यांच्याबरोबर राहतो आणि ९ जून १९८०ला महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होतो, राज्याचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. आमच्याकडे त्या दिवशी सणच होता. कोकण म्हणजे मनीऑर्डरवर चालणारा मुलूख असं सगळे म्हणायचे, त्या कोकणातला माणूस वर्षा बंगल्यावर. आणि कामाचा धडाका असा की फाइल टेबलावर पडून राहायची नाही, असं तेव्हा नोकरीत असलेले लोक आजही सांगतात. संजय गांधी निराधार योजना त्यांची. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १ मे १९८१ला झाले. औरंगाबादला हायकोर्टाचं खंडपीठ ऑगस्ट १९८१मध्ये सुरू झालं, मराठवाड्यातल्या माणसाला खटल्यासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागायच्या त्या वाचल्या. आणि कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं त्यांनीच. माझ्या सातवीच्या वह्यांवर जि. कुलाबा लिहिलेलं होतं, ते खोडून मी सगळ्या वह्यांवर जि. रायगड लिहिलं, बाईंनी सांगायच्या आधी.

आमच्या शेजारी एक मावशी होत्या, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला जायच्या. त्यांना निराधारचे पैसे सुरू झाले. रक्कम लहान होती पण दुकानदाराकडे उधारी न मागता मीठ-रॉकेल आणता येणं ही त्यांच्यासाठी केवढी गोष्ट होती ते मी पाहिलंय. त्या अंतुल्यांना साहेब पण म्हणायच्या नाहीत, "माझा भाऊ" म्हणायच्या. त्यांच्यासमोर कुणी सिमेंटचा विषय काढला तर उठून जायच्या.

मग बिघडलं कुठे? ऑक्टोबर १९८०मध्ये इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान नावाचा ट्रस्ट निघाला, उद्देश काय तर साहित्यिक कलावंतांना मदत. त्यात सरकारने दोन कोटी घातले, आणखीही ट्रस्ट होते, आणि देणग्या येऊ लागल्या, साखर कारखान्यांकडून, बिल्डरांकडून. ३१ ऑगस्ट १९८१ला अरुण शौरींनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये ते सगळं छापलं, संसदेत गदारोळ झाला. प. बा. सामंत वगैरे मंडळी हायकोर्टात गेली आणि तिथून तो लेंटिन साहेबांचा निकाल. हे तेच लेंटिन, ज्यांनी पुढे जेजे हॉस्पिटलमधल्या भेसळयुक्त ग्लिसरॉलने झालेल्या मृत्यूंची चौकशी केली.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? ज्या सहीने मावशींना पैसे मिळाले तीच सही होती ही. मुख्यमंत्र्यांच्या हातात टंचाईची वस्तू होती, ती कुणाला द्यायची ते ते ठरवणार, आणि ज्याला मिळणार त्याच्याकडूनच ट्रस्टला चेक येणार. पैसे स्वतःच्या खिशात घातले नाहीत, ट्रस्टला घेतले, कलाकारांसाठी घेतले, असं समर्थन मी माहेरी शंभरदा ऐकलंय. अहो पण ते सिमेंट त्यांचं नव्हतं ना, ते बाबांचं पण होतं, रांगेत अर्ज घेऊन उभ्या असलेल्या सगळ्यांचं होतं. कवीला मदत करायची तर बजेटमध्ये तरतूद करा, विधानसभेत मांडा, कोण अडवणार होतं? त्यांच्याकडे बहुमत होतं, हुशारी होती, कामाचा झपाटा होता, या वाटेची गरजच नव्हती. म्हणून जास्त वाईट वाटतं.

आता भाचीच्या केसबद्दल. भाजपचे रामदास नायक यांनी फौजदारी तक्रार केली आणि मग जे सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. लोकसेवकावर असा खटला चालवायचा तर आधी परवानगी लागते, मग ती परवानगी कुणाची, आमदार हा लोकसेवक आहे की नाही, यावरच सगळा वेळ. १९८३मध्ये विशेष न्यायाधीशांनी, म्हणजे भ्रष्टाचाराचे खटले चालवणाऱ्या न्यायाधीशांनी, ती परवानगी नाही म्हणून अंतुल्यांना सोडलं, फेब्रुवारी १९८४मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आमदार कायद्याच्या अर्थाने लोकसेवक नाही, त्यामुळे ती परवानगी लागत नाही, आणि खटला थेट हायकोर्टाकडे दिला. आणि २९ एप्रिल १९८८ला त्याच सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी बहुमताने सांगितलं की आमचा तो आदेश चुकला, असे खटले कायद्याने विशेष न्यायाधीशासमोरच चालायला हवेत, थेट हायकोर्टाकडे दिल्याने आरोपीचा अपिलाचा एक टप्पा गेला. कोर्टाने स्वतःची चूक कबूल केली म्हणून तो निकाल मुलांना शिकवतात. बरोबरच आहे, कायद्याने आरोपीलाही हक्क असतात, अंतुल्यांनाही होते. पण तोवर सात वर्षं गेली होती. डिसेंबर १९९१चा वेगवान खटल्याच्या हक्काचा निकाल, तोही याच दोन नावांचा. आणि नायकांची २५ ऑगस्ट १९९४ला वांद्र्यात गोळ्या घालून हत्या झाली, ते गुंडांच्या टोळीचं काम होतं, या खटल्याशी त्याचा संबंध जोडू नये, पण तक्रार करणारा माणूसच गेला.

दरम्यान अंतुले १९८९ला खासदार झाले, मग नरसिंह रावांच्या सरकारात आरोग्यमंत्री, २००६ला मनमोहन सिंगांच्या सरकारात अल्पसंख्याक मंत्री. आमच्याकडे लोकांनी त्यांना परत परत निवडून दिलं, कधी पाडलंही. २००८ला मुंबईवरच्या हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्या मृत्यूमागे दुसरंच काही असावं असा संशय घेणारं जे विधान त्यांनी केलं त्याने मात्र माझ्या भावालाही लाज वाटली, आणि २००९ला ते अनंत गीतेंकडून हरले. राज्याचं मुख्यमंत्रिपद परत कधी मिळालं नाही, दीड-पावणेदोन वर्षांत जे गेलं ते गेलं.

आमचा स्लॅब? फेब्रुवारी १९८२च्या शेवटी केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण थोडं सैल केलं, काही सिमेंट खुल्या बाजारात विकायला मोकळं झालं. महाग होतं, पण मिळत होतं. मे महिन्यात, पावसाच्या आधी, बाबांनी स्लॅब टाकला आणि ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याने तारीख कोरली. आजोबा त्या खोलीत एकच पावसाळा राहिले.

२ डिसेंबर २०१४ला अंतुले गेले. आंबेतला दफन होणार होतं. भावाचा फोन आला, ताई, मी जाऊ का गं, बाबा असते तर गेले असते का? मी म्हटलं बाबांचं माहीत नाही, पण तू जा, शेजारच्या मावशींच्या वतीने तरी जा, त्यांचं कुणी नाही.