ऐरोलीच्या तिवरांत प्लॉट मारायला जाताय? आधी तिथी बघा

"दुपारची ओहोटी धरा, निवांत काम होतं," हा सल्ला तिवरांत (खारफुटीत) झाडं मोजायला चौकोन आखणाऱ्यांना, म्हणजे प्लॉट मारणाऱ्यांना, सगळीकडे मिळतो. तो अर्धवट आहे आणि त्यापायी आख्खा दिवस वाया जातो.

कोळ्यांचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास. पुनवेला भरती सव्वाअकराच्या आसपास, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला. हा हिशोब मुंबईच्या तोंडाचा. खाडीत आत, ऐरोली-ठाण्याकडे, पाणी उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं. याचा अर्थ, भरदुपारची ओहोटी नेहमी भांगाचीच, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी चढ-उताराची असते. भांगात पाणी फार मागे जात नाही, त्यामुळे बाहेरचा चिखलपट्टा उघडा पडत नाही. मात्र आतल्या तिवरांत पाणी फारसं शिरतही नाही. म्हणून झाडं मोजायची तर सप्तमी ते नवमी. बाहेरच्या काठाचा गाळ हवा असेल तर उधाण, म्हणजे पुनव-अवसेची मोठी भरती-ओहोटी, आणि तीही उजाडतानाच. दोन्ही कामं एका दिवसात होत नाहीत, उगाच बेत करू नका.

परवानगी आधी. ऐरोली आणि वाशी पुलांमधला पश्चिम काठ २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पान तोडायचं असो की गाळ काढायचा, वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं पत्र खिशात हवं.

आता खरी अडचण: तिवरं संपतात तिथपासून पाण्यापर्यंतचा पट्टा. नकाशावर तो बोटभर दिसतो. तिथे मांडीपर्यंत पाय जातो आणि पन्नास पावलांना अर्धा तास लागतो. गमबूट अजिबात नकोत. चिखल बूट धरून ठेवतो आणि पाय मोकळा बाहेर येतो, मग खाली काचा आणि कालवांच्या धारदार शिंपा. घोट्यापर्यंतचे कॅनव्हासचे बूट, नाडी दोनदा गाठ मारून. पाय रुतला तर सरळ वर ओढू नका, दुसरा पाय आणखी खाली जातो. मागे रेलून बसा, टाच गोल फिरवा, बुटाच्या कडेने पाणी आत शिरू द्या, मग गुडघा पुढे टाकून निघा. एकट्याने या पट्ट्यात उतरूच नये. होडी करायची तर भाडं फेरीवर नाही, भरतीवर ठरवा. पाणी उतरलं की होडी गाळावर बसते आणि थांबल्याचे वेगळे पैसे मागतात.

प्लॉट १० बाय १० मीटर. सुतळी श्वसनमुळांत (चिखलातून वर आलेल्या मुळांत) अडकून चौकोन वाकडा होतो, म्हणून दोन्ही कर्ण मोजा: १४ मीटर १४ सेंटिमीटर आले पाहिजेत. घेर जमिनीपासून १.३ मीटरवर. तिवर त्याखालीच फुटलेली असेल तर प्रत्येक खोड वेगळं. कांदळाचा (खोडातून खाली आधारमुळं सोडणारी खारफुटी) घेर सगळ्यात वरच्या आधारमुळाच्या ३० सेंटिमीटर वर, नाहीतर आकडा फुगतो. रोपांसाठी आत १ बाय १ चे चौकोन. लिहायला पेन्सिलच, ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही. तिवर ओळखायला पान उलटं करा: करडी, मऊ लव, आणि वरच्या बाजूला उन्हात मिठाचे कण चमकतात. चाटून बघा, खारट लागतं. गेवा या दुसऱ्या खारफुटीचं मात्र पान तोडून बघू नका. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं.

गाळाचा पीएच जागेवरच घ्या. घरी वाळवून घेतला की त्यातल्या सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं आणि गाळ आहे त्याहून आम्ल दिसतो. नमुना पिशवीतली हवा काढून, बर्फात. पाण्याची क्षारता मोजण्याआधी रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता दाखवणारं उपकरण) दरवेळी शुद्ध पाण्याने शून्यावर आणा. घाईत हे राहतं आणि दिवसाचे सगळे आकडे सरकतात.



परतीसाठी माणशी पाच लिटर पाणी आणि एक प्लास्टिकची चादर ठेवा. चिखलाने माखलेल्यांना रिक्षावाले घेत नाहीत, घेतलं तर मीटर टाकत नाहीत. पाय धुऊन, चादर सीटवर अंथरून दाखवली की स्थानकापर्यंत मीटरने सोडतात.