पॅड विंडोजला दिसतो, गेमला दिसत नाही

दुकानदार म्हणाला होता, ‘लावा आणि खेळा, ड्रायव्हर-बिव्हर काही लागत नाही.’ लावण्यापर्यंतचं त्याचं खरं निघालं. विंडोजने टुंग केलं, गेम खेळायच्या पॅडवरचा लाल दिवा लागला. भाच्याने रेसिंगचा गेम उघडला आणि गाडी जागची हलेना. “मामा, बिघडलेला दिलाय. परत देऊन ये.”

असा बिननावाचा यूएसबी पॅड परत देण्याआधी विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबायची आणि इंग्रजीत ‘जॉय डॉट सीपीएल’ टाइप करायचं. जोडलेल्या पॅडची यादी येते. प्रॉपर्टीज उघडून बटणं दाबली की त्या त्या आकड्याचा दिवा लागतो, स्टिक हलवली की चौकोनातली फुली सरकते. आमच्याकडे सगळं सरकत होतं. फक्त मधलं ‘ॲनालॉग’ बटण बंद असलं की डावी स्टिक बाणांच्या बटणांसारखी वागायची, अधलंमधलं काही नाही. ते चालूच ठेवायचं.

म्हणजे पॅड धडधाकट, विंडोजला दिसतोय, आणि तरी गेमला दिसत नाही. याचं मूळ जुनं आहे. आधी पीसीवर डायरेक्टइनपुट चालायचं, म्हणजे पॅडने गेमशी बोलायची जुनी भाषा. त्यात पॅड एवढंच सांगतो की ‘एक नंबरचं बटण दाबलं, झेड अक्ष हलला’. एक नंबर म्हणजे ब्रेक की उडी, हे गेममध्ये जाऊन आपण नेमायचं. २००५ साली एक्सबॉक्स ३६० आला आणि मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुट ही नवी भाषा आणली. त्यात ए, बी, एक्स, वाय, दोन ट्रिगर, दोन स्टिक हे सगळं ठरलेलं, फार तर चार पॅड. गेम बनवणाऱ्यांची सोय झाली आणि पुढे बरेचसे गेम फक्त एक्सबॉक्सचाच पॅड ओळखू लागले. आमचा पॅड जुनी भाषा बोलणारा. भाच्याला पटावं म्हणून एक जुना गेम लावून दाखवला. त्यात बटणं नेमून दिल्यावर पॅड मुकाट चालला.

काही पॅडवर होम किंवा मोडचं बटण काही सेकंद दाबून धरलं की पॅड स्वतःच एक्सइनपुटवर जातो. तुमचा तसा असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. आमचा नव्हता.

मग स्टीम, म्हणजे पीसीवर गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. त्याच्या सेटिंग्जमधल्या कंट्रोलर विभागात पॅडची बटणं एकेक करून ओळखून द्यायची, आणि हव्या त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये स्टीम इनपुट चालू करायचं. त्यानंतर स्टीम मध्ये उभं राहून गेमला सांगतं की हा एक्सबॉक्सचाच पॅड आहे. गेम स्टीमवरून घेतलेला नसला तरी ‘नॉन-स्टीम गेम’ म्हणून लायब्ररीत घालता येतो, पण मग तो स्टीममधूनच सुरू करायचा. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी.

एक हट्टी गेम मात्र स्टीमलाही बधेना. त्याच्यासाठी एक्स-३६०-सीई नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरलं. त्याची जुनी, तिसरी आवृत्ती गेमच्याच फोल्डरमध्ये ठेवायची; ती तिथे एक डीएलएल फाइल (गेम चालताना उचलतो ती मदतनीस कोडची फाइल) बनवते आणि गेम विंडोजच्या फाइलऐवजी ती उचलतो. गेम ३२ बिटचा असेल तर हेही ३२ बिटचंच हवं, नाहीतर काही घडतच नाही. या नावाने सापळे लावून बसलेल्या साइट भरपूर आहेत, म्हणून मूळ साइटवरूनच उतरवा. आणि चीटिंगविरोधी यंत्रणा असलेल्या ऑनलाइन गेमच्या वाटेला हे घेऊन जाऊ नका. परकी डीएलएल तिथे खपवून घेतली जाईलच असं नाही.

गाडी हलली, पण कशी? एकतर उभी, नाहीतर सुसाट. एक्सबॉक्सचा ट्रिगर जितका दाबाल तितकाच वेग देतो. आमच्या पॅडवर ट्रिगरच्या जागी असलेले एल-टू, आर-टू म्हणजे साधी बटणं, दाबलं की पूर्ण शंभर टक्के. प्रत्येक वळणावर गाडी भिंतीत. सेटिंग उकरल्यावर उपाय सापडला: उजव्या स्टिकचा उभा अक्ष दोन अर्धांत वाटायचा, वरचा अर्धा आर-टूला म्हणजे वेगाला, खालचा एल-टूला म्हणजे ब्रेकला. अंगठा थोडा पुढे, गाडी थोडी पुढे. या गेममध्ये उजव्या स्टिकला कॅमेरा फिरवण्याखेरीज काम नव्हतं, त्यामुळे गेलं काही नाही. फुटबॉलच्या गेमला ही युक्ती लावू नका, तिथे ती स्टिक लागते. त्याच्यासाठी वेगळी सेटिंग ठेवली.

स्टीम इनपुट आणि एक्स-३६०-सीई एकाच गेमला दोन्ही लावलं, तर एक पॅड दोन खेळाडू होऊन बसतो आणि मेन्यूत एकदा खाली दाबलं की दोन ओळी उतरतो. एकच ठेवा. व्हायब्रेशन आमच्याकडे अजून चालत नाही. खोक्यातल्या छोट्या सीडीत त्याचा ड्रायव्हर असावा, पण घरात सीडी लावायला ड्राइव्ह कुणाकडे आहे?