नव्या घराचा जिना आणि ५ सेंटीमीटरचा घोळ – माझा अनुभव

घर ताब्यात आलं तेव्हा जिना दिसायला एकदम झकास होता, काळा ग्रॅनाइट, पॉलिश, स्टीलचं रेलिंग, पण वर चढताना अगदी शेवटच्या पायरीला पाय ठेचायचा आणि उतरताना तळाला जमीन अपेक्षेपेक्षा आधीच लागायची, गुडघ्याला असा दणका बसायचा की विचारू नका. ठेकेदाराला सांगितलं तर म्हणे, "मॅडम, नवीन जिना आहे, होईल सवय." अहो मला होईल सवय, पण घरी येणाऱ्या माणसाला कुठून होणार?

मग सरळ टेप घेऊन बसले आणि प्रत्येक पायरीची उंची मोजली. एकूण १८ उंच्या, त्यातल्या मधल्या सगळ्या १६५ मिमी, सगळ्यात खालची १४० आणि सगळ्यात वरची १९०. म्हणजे खालच्या-वरच्यात तब्बल ५० मिमीचा फरक! इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये (अमेरिकेत वापरतात ती बांधकामाची नियमावली) एका जिन्यात सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या पायरीत जास्तीत जास्त ९.५ मिमी फरक चालतो, यावरून अंदाज करा. पाय एकदा लय पकडतो ना, मग आपण खाली बघत नाही, म्हणूनच एखादीच वेगळी पायरी असेल तर तिथेच माणूस पडतो. सगळ्या पायऱ्या थोड्या जास्त उंच असत्या तर दम लागला असता, बाकी काही नाही.

हे झालं कसं ते एका ओळखीच्या इंजिनिअरने समजावलं. सेंट्रिंगवाल्याने (काँक्रीटचा साचा बांधणाऱ्याने) काँक्रीटच्या पायऱ्या बरोब्बर सारख्या काढल्या होत्या, त्याची काही चूक नाही. पण नंतर दोन्ही मजल्यांवर कोबा आणि लादी मिळून ६० मिमी जाडी चढली आणि पायऱ्यांवर मात्र ग्रॅनाइट आणि खालचा सिमेंट-वाळूचा माल धरून ३५च. त्यामुळे खालची जमीन २५ने वर आली, पहिली पायरी तेवढी बुटकी झाली आणि वरचा मजला २५ने चढला म्हणून शेवटची तेवढी उंच. मधल्यांना काहीच कळलं नाही.

आता ठेकेदाराचा उपाय ऐका. शेवटून दुसऱ्या पायरीवर २५ मिमीचा अजून एक दगड चिकटवून देतो म्हणाला, अर्ध्या दिवसाचं काम. म्हणजे वरची उंची होणार १६५ आणि त्याच्या खालची होणार १९०! दोष जाणार नाही, फक्त एक पायरी खाली सरकणार. मी कागदावर आकडे मांडून दाखवले तेव्हा कुठे तो गप्प झाला. खरा उपाय एकच होता, लँडिंगसकट (जिन्याच्या मधल्या सपाट जागेसकट) सगळ्या पायऱ्यांचा दगड काढायचा आणि मालाची जाडी वाढवून प्रत्येक पायरी २५ने उचलायची, की १८च्या १८ उंच्या १६५.

अर्थात तो तयार होईना. इथे दोन गोष्टी कामाला आल्या. एक म्हणजे शेवटचा हप्ता मी दिला नव्हता आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही पण केली नव्हती. दुसरं म्हणजे फोनवर वाद घालणं बंद करून सगळं लेखी पाठवलं, प्रत्येक पायरीचा टेप लावलेला फोटो, उंचीचा तक्ता, इंजिनिअरचं एका पानाचं पत्र, आणि किती तारखेपर्यंत काय हवंय ते. तोंडी "बघतो, करतो" म्हणणारा माणूस लेखी उत्तर द्यायची वेळ आली की वेगळंच बोलतो, हे मी त्यात बघितलं.

दगड निघाले तेव्हा अजून एक प्रकार उघड झाला. रेलिंग हलतंय ही तक्रार मी आधीपासून करत होते, तर त्याचे अँकर (रेलिंग पक्कं धरणारे बोल्ट) होते ५० मिमीचे, त्यातले ३५ दगड आणि मालातच गेलेले, काँक्रीटमध्ये जेमतेम १५! जाडी वाढल्यावर तर ते काँक्रीटपर्यंत पोचलेच नसते. मग रेलिंगच्या खांबांखालच्या पट्ट्या, म्हणजे बेस प्लेट, थेट काँक्रीटवर बसवून घेतल्या, दगड त्याभोवती कापून लावला, आणि कठड्याची उंची नवीन पायरीपासून मोजून घेतली, कारण पायरी वर आली की कठडा तेवढाच बुटका होतो. या वेळी गवंडी काम करत असताना मी नाणं घेऊन प्रत्येक दगडावर टकटक करत होते, पोकळ आवाज आला म्हणजे खाली माल नीट भरला नाही, की तो दगड उचलायला लावायचा. वैतागला बिचारा, पण दोन दगड खरंच परत बसवावे लागले.

पहिल्या पायरीचा उभा दगड जुना पुरला नाही, तो नवीन आणावा लागला आणि त्याची शेड जरा वेगळीच आली. त्यावरून मी भांडले नाही. टेप लावून सगळ्या उंच्या परत मोजल्या, ३ मिमीच्या वर फरक कुठेच नव्हता, मग सही केली आणि राहिलेला हप्ता दिला.