ताई, कुठल्या व्हिसावर येऊ?

गेल्या रविवारी मामेभावाचा फोन आला. चाकणच्या एका कारखान्यात तो चार वर्षं डिझाइन इंजिनीअर आहे, लग्नाला दीड वर्ष झालंय, आणि आता जर्मनीला यायचं असं दोघांनी ठरवलंय. "ताई, कुठला व्हिसा पटकन मिळतो?" हा त्याचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, पटकन कुठला ते नंतर बघू. आधी मी २०१९ मध्ये इथे कशी आले ते ऐक.

मी श्टुटगार्टला आले ती आयसीटी कार्डावर, म्हणजे कंपनीने आपल्याच परदेशी शाखेत पाठवलेल्यांच्या परवान्यावर. हिंजवडीतल्या माझ्या कंपनीने आपल्याच इथल्या शाखेत पाठवलं होतं. कागदपत्रं सगळी कंपनीने केली, मी फक्त सह्या केल्या. नोकरीचा करार भारतातल्या कंपनीशीच राहिला आणि पीएफही तिकडेच कापला जात होता. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, २०१७ पासून लागू झालेला. भारतातून ठरावीक काळासाठी पाठवलेल्या माणसाकडे त्याचं प्रमाणपत्र असलं की त्याला जर्मन पेन्शन विम्यात पैसे भरावे लागत नाहीत. मला ते फायद्याचंच वाटलं होतं.

दोन वर्षांनी मुलीच्या शाळेचा विषय निघाला आणि आम्ही कायमच्या वास्तव्याची चौकशी केली. तेव्हा कळलं की त्यासाठी पेन्शन विम्याचा उतारा लागतो, किती महिने पैसे भरलेत ते दाखवणारा. माझ्या नावावर एकही महिना नव्हता. इथे राहून काम केलं, भाडं भरलं, कर भरला, पण ती दोन वर्षं या हिशेबात कुठेच धरली जाणार नव्हती. शिवाय आयसीटी कार्डावर नोकरी बदलता येत नाही आणि मॅनेजर किंवा तज्ज्ञ म्हणून आलेल्यालाही ते जास्तीत जास्त तीन वर्षंच मिळतं. ज्याला दोन वर्षांत परत जायचंय त्याच्यासाठी ते उत्तम आहे. आम्हाला राहायचं होतं, आणि हा प्रश्न पुण्यात असताना आम्ही स्वतःला विचारलाच नव्हता.

मग इथल्या कंपनीत नोकरी शोधली आणि २०२२ च्या जानेवारीत ब्लू कार्डावर, म्हणजे इथे नोकरी मिळालेल्या पदवीधरांच्या परवान्यावर, पहिल्यापासून मोजणी सुरू केली. ब्लू कार्डधारकाला पेन्शन विम्याचे २७ महिने भरले की कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, आणि जर्मन भाषेची बी१ परीक्षा पास असेल तर २१ महिन्यांतच. मी संध्याकाळचे वर्ग लावले. मुलीला झोपवून व्याकरण करायचे. २०२४ मध्ये कायमच्या वास्तव्याचं कार्ड हातात आलं.

मामेभावाला सांगितलं, तुझ्यासाठी पहिला प्रयत्न ब्लू कार्डाचाच. त्याला इथल्या कंपनीचं नोकरीचं पत्र आधी हवं आणि पगार ठरलेल्या सीमेच्या वर हवा. २०२६ साठी ती सीमा वर्षाला ५०,७०० युरो आहे. माणसं कमी पडतात अशा क्षेत्रांत ४५,९३४ युरो आणि २० सेंट. इंजिनीअरिंग त्या क्षेत्रांत येतं. हे आकडे दर वर्षी बदलतात, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून हिशेब करू नकोस. पदवी मान्य आहे का ते 'आनाबिन' नावाच्या सरकारी यादीत बघायचं. विद्यापीठापुढे एच प्लस, म्हणजे मान्यतेची खूण, हवी आणि आपली पदवीही त्यात सापडायला हवी. नाही सापडली तर पदवीचं तुलनापत्र मागवता येतं, त्याचे २०८ युरो.

त्याने मित्राकडून 'शांसेनकार्टे' म्हणजे संधी-कार्डाबद्दल ऐकलं होतं. जून २०२४ मध्ये सुरू झालेलं हे कार्ड नोकरी शोधायला एक वर्ष देतं आणि तेवढ्यात आठवड्याला २० तास काम करू देतं. पदवी पूर्ण मान्य नसेल तर शिक्षण, भाषा, अनुभव, वय यांचे मिळून किमान सहा गुण लागतात. एकट्या, सडाफटिंग मुलाला मी ते नक्की सुचवेन. पण वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी दाखवावी लागते, २०२५ मध्ये ती महिन्याला १,०९१ युरो होती, आणि बायकोला सहसा सोबत आणता येत नाही. ब्लू कार्डावर आला तर तिला येण्याआधी जर्मन परीक्षेची अट नाही आणि आल्यापासून नोकरीही करता येते. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या पदवीची मान्यता वेगळी घ्यावी लागेल आणि त्यात बरेच महिने जातील, म्हणून तिच्या मान्यतेचं काम त्याच्या अर्जाबरोबरच सुरू करा, असं बजावलं.

मग तो जरा चाचरत म्हणाला, एक एजंट सांगतोय की व्हिजिटर व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून घेता येतो. इथे मी त्याला मध्येच थांबवलं. तो व्हिजिटर व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा, १८० दिवसांत ९० दिवसांचा. भारतीय पासपोर्टवर तो इथे बसून नोकरीच्या परवान्यात बदलून मिळेल यावर विसंबायचं नाही. परत जाऊन भारतातूनच अर्ज करावा लागतो. त्या व्हिसावर काम केलं तर पुढचे सगळे अर्ज धोक्यात. यासाठी लाखभर रुपये मागणाऱ्या माणसाच्या दारात पुन्हा जाऊ नकोस, हे मी त्याला फोनवर दोनदा म्हटलं आणि मामीलाही सांगितलं.

"पण ताई, नोकरीचं पत्र यायला सहा महिने लागले तर?" लागू देत. तोवर पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायला दोघांनी नाव घाला. इथे आल्यावर त्याच बी१ ने सहा महिने वाचणार आहेत.

काल रात्री त्याचा मेसेज आला. विद्यापीठापुढे एच प्लस आहे, पदवीही सापडली. बायोडेटा जर्मन पद्धतीने लिहायला बसलाय. बुधवारी पहिला खर्डा पाठवणार आहे, आम्ही दोघं मिळून तो तपासून देऊ.