लाँगमेनच्या झिजलेल्या देवळ्या

चीनच्या हनान प्रांतात, लुओयांग शहराच्या दक्षिणेस, यी नदीच्या दोन्ही काठांवर चुनखडीचे कडे आहेत आणि त्यांत दोन हजारांहून अधिक गुंफा व देवळ्या कोरलेल्या आहेत. लाँगमेनला येणाऱ्यांची गर्दी होते ती 17 मीटरहून उंच असलेल्या वैरोचन बुद्धासमोर. त्याच्यासाठी सम्राज्ञी वू हिने 672 साली आपल्या शृंगाराच्या खर्चातून पैसे दिल्याची नोंद आहे. त्याच्या भव्यतेविषयी वाद नाही, पण माझे मन रमते ते आसपासच्या वीतभर देवळ्यांत, जिथल्या मूर्तींचे चेहरे वापरून संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले आहेत.

ही झीज सरळसोट नाही. भेगांतून झिरपणारे पाणी चुनखडी विरघळवते आणि पुढे तोच चुना पुटासारखा साचवते. त्यामुळे एक मूर्ती नाकडोळे गमावते, तर दुसरी नव्या थराखाली बुजते. माणसाने केलेली हानी मात्र लगेच ओळखू येते, कारण तिथे छिन्नीची तीक्ष्ण कड राहते. मधल्या बिनयांग गुंफेतील सम्राट आणि सम्राज्ञी यांच्या मिरवणुकींचे शिल्पपट 1930च्या दशकात तुकडे करून विकले गेले. त्यांतला एक आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे, दुसरा कॅन्सस सिटीच्या. पाण्याने एवढी घाई कधी केली नसती.

कार्ले-कान्हेरीप्रमाणे इथेही दात्यांनी आपले हेतू दगडावर लिहवून घेतले. गुयांग गुंफेत 495 सालचा एक लेख आहे. युची घराण्यातील एका स्त्रीने आपला मृत मुलगा न्युजुए याच्यासाठी मैत्रेयाची, म्हणजे पुढे अवतरणाऱ्या बुद्धाची, मूर्ती करवली आणि त्याला पुन्हा जन्म मिळालाच तर तो बुद्धांच्या सान्निध्यात मिळावा, काही दुःख असेल तर त्यातून त्याची सुटका व्हावी, असे मागणे तिथे कोरवले. हस्ताक्षराचे जाणकार या लेखाची गणना लाँगमेनच्या वीस श्रेष्ठ लेखांत करतात. त्या आईच्या डोक्यात वळणदार अक्षराचा विचार क्वचितच असेल.

अशा जागांची डागडुजी किती करावी, हा प्रश्न अवघड आहे. छोंगचिंगजवळच्या दाझू येथील सहस्रहस्त ग्वानयिनच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, मूर्तीला 2008 ते 2015 या काळातील दुरुस्तीत नव्याने सोन्याचा वर्ख चढवला गेला. ती आजही भाविकांची मूर्ती असल्याने मला ते पटते. लाँगमेनच्या वैरोचनाच्या प्रांगणात 1970च्या दशकात आणि पुन्हा 2021-22 मध्ये कड्याच्या भेगा व पाझर बुजवण्यावर भर होता. लहान देवळ्यांना तेवढेच पुरे. त्यांना नवी नाके बसवण्याची कल्पना कुणी मांडलीच, तर मी विरोध करीन.