पहिला तास आणि पोट

शाळेत विज्ञान शिकवायचं तर पोटाबद्दल बोलायची लाज सोडावीच लागते. मोठं आतडं म्हटलं की मागच्या बाकांवर खसखस पिकते. ती पिकू द्यायची आणि पुढे जायचं. पण धडा ‘पाणी शोषले जाते व उरलेला भाग बाहेर टाकला जातो’ इथे संपतो, आणि लोकांच्या तक्रारी बरोबर तिथूनच सुरू होतात. पालकसभेत गुणांचं बोलणं झालं की हळूच विचारतात, ‘मॅडम, याचं पोटच साफ होत नाही. काय द्यावं?’

काय द्यावं ते नंतर बघू. आधी मी विचारते, सकाळी वेळ देता का?

खाल्ल्यावर जठर ताणलं जातं आणि मोठ्या आतड्याला पुढे सरकायचा निरोप मिळतो. याला गॅस्ट्रोकॉलिक रिफ्लेक्स म्हणतात. रात्री हे आतडं बरंचसं निवांत असतं, जाग आल्यावर कामाला लागतं आणि नाश्त्यानंतर त्याला जोर चढतो. नेमकं त्याच वेळी आपण काय करत असतो? बुटाची नाडी बांधत असतो, नाहीतर बस पकडत असतो. कळ आली, दाबली, थोड्या वेळात विरली. आत मात्र मळ तसाच थांबतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि तो कडक होतो. रोज असं झालं की गुदाशयाला ताण जाणवणंही कमी होत जातं. म्हणून मी अलार्म लवकरचा लावला, तोही व्यायामासाठी नाही, नाश्ता आणि घंटा यांच्यात मोकळा वेळ हवा म्हणून. वेळापत्रक लावणाऱ्या सहकाऱ्याला ‘मला पहिला तास नको’ असंही सांगून ठेवलंय. कारण विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

मुलांचं तर याहून अवघड. आधीच्या एका शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लागायची नाही. एक जण आत, एक जण दार धरून बाहेर, अशी जोडीनं जायची पद्धत पडली होती. मैत्रीण गैरहजर असली की दिवसभर जायचंच नाही, आणि जायला लागू नये म्हणून पाणीही प्यायचं नाही. अशा मुलीला घरी कितीही फळं चारा, आधी कडी दुरुस्त करायला हवी.

बसण्याचंही तसंच. गुदाशयाभोवती एक स्नायू पट्ट्यासारखा असतो, तो वाट वाकडी धरून ठेवतो. उकिडवं बसलं की तो सैल पडतो आणि वाट बरीच सरळ होते. कमोडवर पायाखाली बुटकं स्टूल घेतलं, गुडघे कमरेच्या वर आले आणि थोडं पुढे वाकलं, की जवळपास तेच साधतं. फोन बाहेर ठेवावा. आत बसून बातम्या वाचणाऱ्यांचं मूळव्याधीला आमंत्रणच असतं.

आता ‘काय द्यावं’. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला निदान 25 ग्रॅम तंतू सांगते. सालासकट एका मध्यम सफरचंदातून साधारण 4 ग्रॅम मिळतात, म्हणजे एका फळावर भागत नाही. कडधान्यं, भाज्या, अख्खी धान्यं रोज लागतात. हा चोथा आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाणं आहे. ते तो आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन तेच. मात्र एका रात्रीत पानभर उसळ सुरू केली तर वात धरणारच. हळूहळू वाढवायचं आणि सोबत पाणी प्यायचं.

प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या, गोळ्यांबद्दल फार विचारतात. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 साली मोजके अपवाद सोडता बहुतेक पचनविकारांसाठी त्यांची शिफारस केलेली नाही. दही आवडत असेल तर खुशाल खा, पण डबीवर ‘अब्जावधी जिवाणू’ छापलंय म्हणून पाकीट रिकामं करू नका.

सतत चरण्याबद्दल मात्र मी कडक आहे. पोट रिकामं असताना साधारण दर 90 ते 120 मिनिटांनी जठर आणि लहान आतड्यातून आकुंचनाची एक लाट फिरते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते. घासभर काही खाल्लं की ती थांबते. आमच्या स्टाफरूममध्ये कुणाचा ना कुणाचा डबा फिरतच असतो, त्यामुळे या झाडूला सवड कधी मिळणार? परीक्षेच्या शांत वर्गात पर्यवेक्षकाचं पोट गुरगुरलं की मुलं हसतात. कितीदा तरी ती सफाईच चालू असते.

आणि राग. 1822 मध्ये अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या माणसाला बंदुकीची गोळी लागली आणि त्याच्या पोटाला कायमचं छिद्र राहिलं. डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्यातून वर्षानुवर्षं पचन पाहिलं, आणि तो चिडला की पचन बिघडतं हेही नोंदवलं. सभा तापली असेल तर मी डबा जरा उशिराच उघडते.

दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा शौच, यात कुठेही बसत असाल तर रोज झालीच पाहिजे म्हणून जीव काढू नका. पण नेहमीची सवय अचानक बदलून तशीच राहिली, वजन विनाकारण उतरलं, पोटदुखीनं रात्री जाग येऊ लागली किंवा रक्त दिसलं, तर ‘मूळव्याधच असेल’ असं घरच्या घरी ठरवू नका. मळ डांबरासारखा काळा दिसला तरी डॉक्टरांकडे जा, आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांनीही रंग काळा होतो. वर्णन करायला संकोच वाटत असेल तर ब्रिस्टल तक्ता आहे. त्यात मळाचे सात प्रकार चित्रांसकट दिलेत, 1 म्हणजे सुटे कडक खडे आणि 7 म्हणजे नुसतं पाणी. डॉक्टरांना सरळ आकडा सांगायचा.